पुठ्ठ्याचं स्टूल दर पावसाळ्यात एकाच बाजूला का झुकतं?

मार्च-एप्रिलमध्ये हौसेनं केलेलं पुठ्ठ्याचं स्टूल मे संपेपर्यंत छान ताठ उभं असतं. मृग लागतो, हवा जड होते आणि जुलैत कधीतरी बसणाऱ्याच्या लक्षात येतं की आपण एका अंगाला कलतोय. मग खाली कागदाची घडी सरकवली जाते, कोपऱ्याला ब्राउन टेप गुंडाळली जाते आणि शेवटी स्टूल रद्दीत जातं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच साच्यावरून नवं स्टूल होतं. पुढच्या जुलैत पुन्हा तोच कोपरा खाली.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि नवरा, घरात लागणारं बरंचसं सामान पुठ्ठ्याचं करतो. तो आराखडा काढतो, मी कापते, जोडणी दोघांची. अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलणाऱ्यांना हे सामान फार सोयीचं पडतं: खाचा सोडवल्या की सगळं सपाट होतं आणि रिक्षातही मावतं. ओळखीतल्या इतर जोड्याही आता असं काही करून बघतात, आणि बिघडलं की स्टूल घेऊन आमच्याकडे येतात. येताना निदान ठरवूनच आणतात: "दमट हवा, दुसरं काय!"

माझं म्हणणं असं की दमट हवा चारही कोपऱ्यांना सारखीच लागते. दोष निव्वळ हवेचा असता तर स्टूल सगळीकडून सारखं बसलं असतं. ते एकाच बाजूला जातं, कारण ती बाजू कापतानाच कमजोर झालेली असते. कोरड्या दिवसांत उरलेल्या तीन बाजू तिचा भार वाहतात. पावसाळा फक्त ती उसनवारी संपवतो. आणि दोघांनी मिळून केलेल्या स्टुलांत हा दोष जास्त दिसतो, कारण आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यातल्या दोन-तीन गोष्टी कागदावर उतरतच नाहीत आणि कापणाऱ्याला त्या ठाऊक आहेत असं गृहीत धरलं जातं.

पुढचं सगळं फुलीच्या स्टुलाबद्दल आहे: दोन उभे तुकडे, एकाला वरून खाच, दुसऱ्याला खालून, एकमेकांत बसवून फुली, भोवती चौकट आणि वर बैठक. सुरुवात बहुतेक जण याच रचनेनं करतात.

दोष नेमका कुठे आहे ते आधी बघा

स्टूल मोडीत काढायच्या आधी ते उलटं करा आणि चौकट सोडवा. टेपखाली काय झालंय ते दिसलं नाही तर सगळा अंदाजाचा मामला होतो.

तुकड्याच्या मधोमध आडवी घडी पडली असेल, म्हणजे पुठ्ठा गुडघ्यात वाकल्यासारखा मोडला असेल, तर पन्हळींची, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थराची, दिशा चुकली आहे. पायाची कड खालून पसरट होऊन झाडूच्या टोकासारखी फुटली असेल, तर एक तर कड तिरकी कापली गेली आहे किंवा तिनं पाणी ओढलं आहे. खाचेच्या टोकापासून चीर पुढे गेली असेल, तर कापताना ब्लेड रेघेच्या पुढे गेलं होतं. आणि कुठेच काही मोडलेलं नाही, तरीही स्टूल पिळल्यासारखं डुलतंय, तर खाच रुंद झाली आहे. कित्येकदा यातली दोन कारणं एकाच कोपऱ्यात भेटतात.

पन्हळींची दिशा

पन्हळी पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो. खोकी विकणारे त्याला तीन प्लाय म्हणतात. पाच प्लायमध्ये असे दोन नागमोडी थर असतात, सात प्लायमध्ये तीन. भार पन्हळींच्या लांबीच्या दिशेनं आला तर प्रत्येक पन्हळ एका बारीक खांबाचं काम करते. तोच भार आडव्या पन्हळींवर आला तर त्या एकावर एक दबत जातात आणि पुठ्ठा त्यांच्याच रेषेत सहज दुमडतो. ओळखायची रीत सोपी आहे: तुकडा दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा. ज्या रेषेवर तो विनातक्रार वाकेल, ती पन्हळींची रेषा.

नेहमीच्या खोक्यात बाजूच्या भिंतींच्या पन्हळी उभ्या असतात, कारण खोकी एकावर एक रचायची असतात. म्हणून खोकं होतं तसंच उभं ठेवून त्यातून उभे तुकडे काढले तर दिशा आपोआप बरोबर येते. गडबड होते ती पुठ्ठा वाचवण्याच्या नादात. साचा उभा बसत नाही, आडवा केला की बसतो, आणि कापणारा तो फिरवतो. तुकडा ४० बाय ३६ सेंटिमीटर असेल तर फिरवलेला डोळ्यांना कळतही नाही. साचा चौरसाच्या जितका जवळ, तितका हा धोका मोठा.

आमच्याकडे मध्यंतरी एक जोडपं आलं होतं. दोघंही काटेकोर, कापणी अगदी सुबक. मी फुली सोडवली आणि दोन तुकडे शेजारी ठेवले. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अरे, हा आडवा आहे की! तू तर म्हणाला होतास, कसाही लाव."

"मी साच्याबद्दल म्हणालो होतो गं, पुठ्ठ्याबद्दल नाही."

दोघांचंही बरोबर होतं. साचा उलटसुलट सारखाच होता, तो कसाही ठेवला तरी आकार तोच येणार होता. पुठ्ठ्याला मात्र धागा असतो, म्हणजे पन्हळींची ठरलेली दिशा असते, हे त्या वाक्यात आलंच नव्हतं. आमच्या घरात आता बाण काढल्याशिवाय साचा कात्रीखाली जात नाही. साच्यावर जाड मार्करनं बाण, आणि कापण्याआधी खोक्यावर तोच बाण पन्हळींच्या रेषेत. दोन्ही बाण एका दिशेला आले तरच ब्लेड हातात घ्यायचं. बाण आराखडा काढणाऱ्यानं काढायचा आणि जुळले की नाही ते कापणाऱ्यानं बघायचं.

इथे एक शंका नेहमी येते. वास्तुशिल्पी फ्रँक गेरी यांची १९७२ मधली पुठ्ठ्याची खुर्ची, विगल साइड चेअर, फोटोत पाहिलेले लोक विचारतात, तिच्यात तर थरांची दिशा आलटून पालटून आहे, मग आमचा एक तुकडा आडवा गेला तर काय बिघडलं? त्या खुर्चीत पुठ्ठ्याचे कितीतरी थर एकमेकांना पूर्णपणे चिकटवून सलग ठोकळा केलेला आहे. शेजारचा थर वाकू लागला तर त्याला दोन्हीकडून धरायला दुसऱ्या दिशेचे थर आहेत. आपल्या स्टुलात भार वाहायला दोनच तुकडे असतात. त्यातला एक आडवा म्हणजे निम्मा आधार गेलाच. एकाच तुकड्यासाठी दोन थर चिकटवणार असाल तर माझ्या मते दोन्ही उभेच ठेवावेत. तीन थर असतील तर मधला आडवा ठेवायला हरकत नाही, त्यानं तुकडा वाकडा होत नाही.

खाचेची खोली आणि रुंदी

दिशा बरोबर असूनही स्टूल झुकत असेल तर माझा पहिला संशय खाचेवर असतो.

तुकड्याची उंची ४० सेंटिमीटर असेल तर कागदावर दोन्ही खाचा २० सेंटिमीटरच्या. प्रत्यक्षात ब्लेड कोपऱ्यात पूर्ण उतरत नाही, खाचेच्या तळाशी पुठ्ठ्याचा चिंधडा राहतो आणि वरचा तुकडा मिलिमीटरभर उंच थांबतो. एवढंसं वाटतं, पण बैठक मग त्या एकाच तुकड्यावर टेकते किंवा जमिनीला दुसरा तुकडा टेकतच नाही. म्हणजे चार पायांचं स्टूल खरं तर दोनच पायांवर उभं असतं. कोरड्या दिवसांत ते दोन पाय निभावून नेतात.

तपासायला वर्तमानपत्राची पट्टी पुरते. स्टूल सपाट फरशीवर ठेवा, कुणाला तरी हलकेच बसायला सांगा आणि प्रत्येक पायाखाली पट्टी सरकवून बघा. जिथे ती सहज आत जाते, तो पाय भार घेत नाही. बैठकीखालीही हीच तपासणी करा. दोघं असल्याचा फायदा इथे होतो: एकानं बसायचं, दुसऱ्यानं वाकून बघायचं.

खाच दोन मिलिमीटर जास्त खोल ठेवली की हा त्रास जातो. पण ही वाढ कुणी धरायची ते ठरलेलं हवं. एक जण वरची खाच कापतो, दुसरा खालची. जास्तीचे दोन मिलिमीटर समोरचा ठेवेल असं दोघंही समजतात आणि कुणीच ठेवत नाही. कधी दोघंही ठेवतात. चार मिलिमीटरनं मोठं नुकसान होत नाही, फक्त मधला भाग तेवढा लहान राहतो. आमचा नियम असा की एकमेकांत बसणारे तुकडे एकाच हातानं, एकाच बैठकीत, एकाच पट्टीनं कापायचे. कामाची वाटणी करायचीच असेल तर स्टुलानुसार करा, तुकड्यानुसार नको.

पट्टीचं मुद्दाम सांगते. प्लास्टिकच्या पट्टीचं टोक झिजलेलं असतं, मेजर टेपचा हूक हलतो. दोघांनी दोन साधनांनी मोजलं की एक-दीड मिलिमीटरचा फरक घरातच तयार होतो. स्टीलची एकच पट्टी ठेवा. शून्यापासून मोजण्यापेक्षा १० च्या रेघेपासून मोजलं तर टोकाच्या झिजेचा प्रश्नच येत नाही, फक्त १० वजा करायला विसरू नका. आणि ब्लेड रेघेच्या आतून न्यायचं की बाहेरून, हे आधीच बोलून घ्या. मार्करची रेघ स्वतःच मिलिमीटरभर जाड असते.

रुंदीचं गणित पुठ्ठ्याच्या खऱ्या जाडीवर बेतायचं. पन्हळींच्या आकारांना अक्षरांची नावं आहेत: सी पन्हळीचा तीन प्लाय पुठ्ठा साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर असतो, बी पन्हळीचा अडीच ते तीन. पाच प्लाय साडेसहा-सातपर्यंत जातो. पण वापरलेलं खोकं दाबलं गेलेलं असतं, त्यामुळे छापील आकड्यावर जाऊ नका. त्याच खोक्याचे दहा तुकडे एकावर एक ठेवा, न दाबता उंची मोजा आणि दहानं भागा. आलेल्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी रुंदीची खाच नीट धरून ठेवते. त्याहून अरुंद केली तर बसवताना कडा चेपतात, आणि चेपलेल्या कडेची ताकद परत येत नाही. रुंद झाली तर फुली काटकोनात राहत नाही आणि बसणारा हलला की सगळा भार एका कर्णावर जातो.

खाचेच्या आतल्या टोकाला आधी सळईनं किंवा पंचनं गोल भोक पाडून घ्या आणि ब्लेड त्या भोकातच थांबवा. कोपऱ्यात ब्लेड रेघेपुढे जरा गेलं तरी तिथून चीर सुरू होते.

तिरकी कड

फारसं कुणी हे बघत नाही, पण आमच्याकडे आलेल्या झुकलेल्या स्टुलांत मला हा दोष वरचेवर सापडला आहे.

जाड पुठ्ठा एका दमात कापायला गेलं की मनगट बाहेर कलतं. वरच्या कागदावर रेघ सरळ दिसते, खालचा कागद मात्र दोन-तीन मिलिमीटर लांब किंवा आखूड राहतो. असा तुकडा उभा केला की तो आपल्या पूर्ण जाडीवर उभा राहत नाही, लांब राहिलेल्या एकाच कागदावर उभा राहतो. त्या कागदाची कड कोरडी असेपर्यंत टिकते. सादळली की चुरगळते आणि पाय तेवढा खाली जातो. एक जण उजव्या हातानं कापणारा आणि दुसरा डावखुरा असेल तर दोघांच्या कडा विरुद्ध बाजूंना कलतात. मग फुलीतल्या दोन तुकड्यांचा कल मिळून स्टुलाला एक ठरावीक दिशा मिळते. दर वर्षी तोच कोपरा जाण्याचं हे एक कारण.

काटकोन तपासायचा गुण्या लावून बघा, लगेच दिसतं. गुण्या नसेल तर नवीन पोस्टकार्डचा कोपरा चालेल.

उपाय धीराचा आहे. पहिल्या फेरीत फक्त वरचा कागद कापा, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पन्हळ, शेवटी खालचा कागद. ब्लेडचं टोक बोथट झालं की लगेच मोडून नवं काढा. बोथट ब्लेड पन्हळ कापत नाही, ओढून चेपतं. पट्टीशेजारी सरळ कडेचा लाकडी ठोकळा धरून ब्लेड त्याला टेकवत चालवलं तर ते कलत नाही. एकानं पट्टी आणि ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्यानं कापायचं. दोन माणसं असण्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. पट्टी धरणाऱ्याची बोटं ब्लेडच्या वाटेत येणार नाहीत एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा.

आता दमट हवेबद्दल

कागद हवेतली ओल घेतो आणि सोडतो. पापड सादळतो तसाच पुठ्ठाही सादळतो, फक्त आपल्याला तो दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभर ग्रॅमचा तुकडा उन्हाळ्यात मोजून ठेवा आणि जुलैत पुन्हा मोजा, काही ग्रॅमनी वाढलेला दिसेल. खोकी बनवणाऱ्यांच्या व्यवसायात हे फार जुनं ज्ञान आहे: ५० टक्के आर्द्रतेला खोकं जेवढा दाब सोसतं, त्याच्या जवळपास निम्माच ते ९० टक्क्यांना सोसतं. मुंबई-ठाण्यात किंवा कोकणात जुलैतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे कोरड्या दिवशी जेमतेम पेलणारं स्टूल पावसाळ्यात पेलणारच नाही, हे केल्या दिवशीच ठरलेलं असतं. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी भार पेलणारे तुकडे दुहेरी करावेत, यावर मी ठाम आहे. नवऱ्याला हलकं, सडपातळ सामान आवडतं. बैठक आणि चौकट त्याच्या मनासारखी एकेरी होते, फुली मात्र दुहेरीच.

हवेपेक्षा फरशी जास्त घातक. पन्हळी उभ्या ठेवल्या की त्यांची उघडी तोंडं जमिनीकडे येतात. रोज फरशी पुसली जाते, पायाखाली ओल राहते आणि कागदाची कड ती वर ओढून घेते. बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या स्टुलाचा भिंतीकडचा पाय आधी जातो तो याचमुळे. दर वर्षी तोच कोपरा जात असेल आणि कापणीत काही सापडत नसेल, तर स्टूल दर वर्षी त्याच जागी, त्याच तोंडानं ठेवलं जातं का ते बघा. असेल तर जागा बदला, किंवा दर आठवड्याला पाव फेरा फिरवत राहा.

कागदाला जमिनीपासून उचलून ठेवणं ही मोठ्या कामातलीही पहिली गोष्ट असते. जपानी वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनी १९९५ मध्ये जपानमधल्या कोबेतल्या भूकंपानंतर कागदी नळ्यांची घरं उभारली, तेव्हा पायाला वाळू भरलेले बिअरचे क्रेट ठेवले होते. २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये तशीच घरं केली, तिथे क्रेट मिळाले नाहीत म्हणून पडलेल्या इमारतींचा राडारोडा पायात घातला. आपल्याला एवढा खटाटोप नको. पायांच्या कडेवर आधी क्राफ्ट कागदाची (जाड खाकी कागदाची) पट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून चिकटवा, म्हणजे पन्हळींची तोंडं बंद होतील. ती पूर्ण वाळली की खालचे तीन सेंटिमीटर वितळलेल्या मेणात बुडवून काढा. मेण थेट आचेवर ठेवू नका, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. मेण पेट घेऊ शकतं. मेण लागल्यावर तिथे फेविकॉल किंवा टेप काहीही चिकटत नाही, म्हणून हे काम सगळ्यात शेवटी. मेणाचा उपद्व्याप नको असेल तर कपाटांच्या पायांना लावतात तशा रबरी गोट्या किंवा जुन्या पीव्हीसी पाइपच्या उभ्या चिरलेल्या पट्ट्या कडेवर चढवल्या तरी काम होतं.

बाकी अंगाला तेलाचं वॉर्निश किंवा लाखेचं पॉलिश लावता येतं. त्यानं ओल आत जायची थांबत नाही, उशीर होतो, आणि बहुतेकदा तेवढा उशीर पुरतो. दोन्ही बाजूंना सारखे हात द्या. एकाच बाजूला लावलं तर तुकडा त्या बाजूकडे खेचला जातो आणि वाकडा होतो. भर पावसाळ्यात सादळलेल्या पुठ्ठ्याला मात्र वॉर्निश लावू नका, ओल आतच कोंडली जाते आणि कुबट वास सुटतो.

डिंक

फेविकॉलसारख्या तयार डिंकातलं पाणी पुठ्ठ्यात जातं, म्हणून थर पातळ हवा. जुन्या कंगव्यानं किंवा खाचा पाडलेल्या पत्त्यानं ओढून पसरवा. चिकटवलेल्या थरांवर वजन ठेवताना आधी सपाट फळी ठेवा आणि मग वजन. नुसती पुस्तकांची चळत ठेवली तर तिच्या कडांखाली पन्हळी चेपतात आणि तीच पुढे झुकण्याची जागा होते. पावसाळ्यात हा डिंक वाळायला बराच वेळ लागतो. एक दिवस जास्त थांबा, पंख्याखाली ठेवा.

बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात तशी घरची खळ वापरावी का, असं विचारलं जातं. मैद्याच्या खळीवर झुरळं आणि कसर येते, आणि मोरचूद विषारी. लहान मुलं असलेल्या घरात मी तरी ती वापरणार नाही, तयार डिंकच बरा.

पुस्तकांचा रॅक वेगळा विचार मागतो

स्टुलावर माणूस बसतो आणि उठतो. रॅकवरची पुस्तकं रात्रंदिवस तिथेच असतात, आणि सतत भाराखाली कागद हळूहळू खचत जातो. आर्द्रता वर-खाली होत राहिली तर तो आणखी भरभर खचतो. नुसत्या स्थिर दमट हवेपेक्षा हे चढउतार जास्त वाईट. एक मीटर ओळीतल्या पुस्तकांचं वजन २५-३० किलो सहज भरतं. म्हणून रॅकच्या फळीला दर ३० सेंटिमीटरवर उभा आधार द्या, जाड पुस्तकं त्या आधारांच्या बरोबर वर ठेवा आणि फळीच्या पन्हळी एका आधाराकडून दुसऱ्या आधाराकडे जाणाऱ्या ठेवा. स्टुलासाठी काढलेला "उभा" बाण इथे चालत नाही, फळीवर तो आडवा येतो. आराखड्यात प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतःचा बाण हवा तो याचसाठी.

जुने साचे

वर्षभरापूर्वीच्या पुठ्ठ्यावर बेतलेला साचा कपाटामागे पडलेला असतो. आराखडा काढणाऱ्यानं मधल्या काळात खाच सुधारलेली असते, पण साचा तोच. कापणारा प्रामाणिकपणे तोच साचा उचलतो आणि सुधारलेली चूक पुन्हा कापली जाते. दरवर्षी तोच दोष परत येत असेल तर कपाटामागे नक्की बघा. साच्यावर तारीख, पुठ्ठ्याची मोजलेली जाडी आणि बाण एवढं लिहिलेलं असावं, आणि नवा साचा झाला की जुना त्याच दिवशी फाडून टाकावा. जपून ठेवायचा मोह होतो. पण तो दुसऱ्याच्या हातात पडणार आहे.

झुकलेलं स्टूल वाचवता येतं का

कड पसरली असेल तर येतं. चारही पाय सारखे दोन-तीन सेंटिमीटर कापून टाका, कोरड्या ठिकाणी दोन दिवस ठेवा, कड बंद करून मेण लावा. स्टूल थोडं बुटकं होईल. खाच रुंद झाली असेल तर क्राफ्ट कागदाच्या पट्ट्या खाचेच्या आतल्या कडांना चिकटवून ती जमवता येते. खाचेची चीर वाढली असेल तर दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. तोही उभ्या पन्हळींचा, आणि चिरेच्या वर-खाली थोडा पुढे गेलेला.

मधोमध घडी पडलेला तुकडा मात्र टाकून द्या. एकदा मोडलेल्या पन्हळी पुन्हा उभ्या राहत नाहीत, वरून कितीही टेप लावली तरी भार आला की ती घडी पहिल्यांदा हलते. त्यातला सपाट भाग दुसरीकडे वापरा. मेण किंवा प्लास्टिक टेप लागलेले तुकडे रद्दीवाल्याला देताना वेगळे काढून द्या, कागदाच्या लगद्यात ते चालत नाहीत.

दुरुस्त केलेल्या किंवा नव्या स्टुलावर कुणाला बसवण्याआधी एक रात्र भाराची चाचणी घ्या. टोकियो ऑलिंपिकमधल्या पुठ्ठ्याच्या पलंगांची क्षमता सुमारे २०० किलो सांगितली गेली होती, ते ऐकून लोक निर्धास्त होतात. पण ते पलंग कारखान्यात कापलेले होते आणि आपलं स्टूल हातानं कापलेलं आहे. संध्याकाळी बैठकीच्या चारही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवा. घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाच्या दीडपट वजन बैठकीच्या मधोमध ठेवा: तांदळाच्या गोण्या, पाण्याचे कॅन, जे असेल ते, फक्त पडलं तर कुणाच्या पायावर पडणार नाही असं. सकाळी वजन न काढता चारही उंच्या पुन्हा मोजा. चारही सारख्याच, मिलिमीटरभर खाली गेल्या असतील तर ठीक आहे. एकच कोपरा दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त गेला असेल, तर आजी-आजोबांना त्यावर बसवू नका आणि त्या कोपऱ्यात पुन्हा बाण, खाच, कड याच क्रमानं शोधा. आणि ही चाचणी शक्यतो पावसाच्या दिवशीच घ्या.